वंदनाचा पाय धुण्याचा तास

सकाळी भाजीवाल्याकडे वांगी निवडत उभी होते, तेव्हा आशिषचा फोन आला. आशिष म्हणजे वंदनाचा मुलगा. रायपुरात वाढलेल्या आपल्या बहुतेक पोरांसारखं त्याला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून निघते हिंदीच. “मौसी, मम्मी नहीं रही,” एवढंच म्हणाला. स्वयंपाक करता करता तिच्या छातीत कळ आली, दवाखाना गाठेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी गुढियारीला तिच्या घरी पोचले तर तिला पुढच्या खोलीत ठेवलं होतं, अंगावर पांढरी साडी, उशाशी बुद्धाची तसबीर, आणि फाटकाशी शाळेची गाडी. गाडीतून हार उतरत होता, एवढा मोठा की दोन शिपायांनी दोन्हीकडून धरला होता. तो हार बघून मला रडू यायच्या आधी संताप आला. आज दीड महिना झाला तरी तो संताप उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे. गेलेल्या माणसाबद्दल फक्त गोडगोड वाचायचं असेल त्यांनी हे पान उलटलं तरी चालेल.

वंदना मेश्राम एका मिशनच्या प्राथमिक शाळेत दुसरी ‘ब’ची बाई होती. मी त्याच शाळेत चौथीला हिंदी शिकवायचे, मागच्या वर्षी निवृत्त झाले. आम्ही दोघी विदर्भातल्या, दोघींचे वडील रेल्वेच्या नोकरीत इकडे आलेले. माझे ऑफिसात पंख्याखाली, तिचे उन्हात रुळांवर. सबंध स्टाफरूममध्ये मराठी बोलणाऱ्या आम्हीच दोघी, त्यामुळे डबा आणि कुचाळक्या दोन्ही एकत्र व्हायच्या. शाळेत बायबलच्या गोष्टी सांगायचा एक तास असे. तो कोणालाच नको असायचा, कारण त्याचे गुण नसत. वंदनाने तो मागून घेतला. मी तिला म्हटलं, “तू बौद्ध, तुला काय करायचंय येशूच्या गोष्टींचं?” डब्यातून मान वर न करता म्हणाली, “गोष्ट चांगली हाय ताई. चांगली गोष्ट कोणाच्या बापाची नसते.”

पण ती गोष्ट नुसती सांगायची नाही, करायला लावायची. महापूर आणि नोहाची नाव आली की वर्गात धुण्याचा टब यायचा. बटाटा, पेरू, पाटीवरची पेन्सिल, एखाद्या पोराची चप्पल, काय तरंगतं आणि काय बुडतं ते आधी पोरांनी सांगायचं आणि मग टाकून बघायचं. मोहरीच्या दाण्याची गोष्ट असली की दह्याच्या रिकाम्या डब्यांत ओला कापूस आणि मोहरी. मग आठवडाभर दुसरी ‘ब’ची पोरं शाळेची घंटा व्हायच्या आधी खिडकीशी हजर. पाच भाकरी आणि दोन माशांच्या गोष्टीला ती घरून पोळ्या आणायची. अर्धी, पाव, पावाची अर्धी असे तुकडे पोरं करायची, अपूर्णांक शिकायची, आणि शेवटी सगळे खाऊन टाकून वजाबाकीही शिकायची. खमिराच्या, म्हणजे पीठ फुगवणाऱ्या आंबवणाच्या, गोष्टीला जिलेबीवाल्याकडून वाटीभर खमीर मागून आणलं होतं. ते डब्याबाहेर फुगून तिच्या पर्समध्ये सांडलं, पुढे महिनाभर त्या पर्सला आंबूस वास होता. मी नाक मुरडलं की म्हणायची, “हातानं केल्याबिगर डोक्यात जात नाही, ताई. तुह्या हिंदीच्या कवितेसारखं थोडीच हाय, घोकलं अन् विसरलं!” मला राग यायचा, कारण खरं होतं ते.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी मिशनच्या चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी असतो. येशूने शेवटच्या जेवणाआधी आपल्या शिष्यांचे पाय धुतले, म्हणून फादर बारा माणसांचे पाय धुतात. ती बारा माणसं आधी निवडलेली असतात आणि घरून पाय घासून येतात, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. वंदनाने ती गोष्ट वर्गात घेतली. एका डब्यात सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या, ज्याची जोडी ज्याच्याशी लागेल त्याने त्याचे पाय धुवायचे आणि मग उलट. पाण्यातही तिचं गणित होतं. एका जोडीला एक लिटर, मग तेवढ्यात साबण धुऊन निघेल की नाही याचा अंदाज करा. आधीचं पाणी आणि नंतरचं पाणी दोन बरण्यांत शेजारी शेजारी. मी माझ्या वर्गातून बघायला गेले तर ओट्यावर नुसता खिदळण्याचा कल्ला. पायाला गुदगुल्या होतात हे त्या दिवशी दुसरी ‘ब’ला सप्रयोग समजलं. वंदना साडीचा ओचा खोचून मधोमध वाकलेली, कोणाच्या टाचेवरचा मळ दाखवत होती... तिचा तसा चेहरा मी नंतर पाहिला नाही.

त्या चिठ्ठ्यांमध्ये अवनीची जोडी नंदिनीशी लागली. अवनी म्हणजे एका बड्या व्यापाऱ्याची मुलगी, ते पालक समितीत. नंदिनी म्हणजे आमच्या शाळेत झाडू मारणाऱ्या सुकवारोची पोरगी, फी माफीवर शिकणारी. दोघी वर्षभर एका बाकावर बसत होत्या, त्यांना त्यात काही वाटलं नाही. अवनीने घरी जाऊन मोठ्या कौतुकाने सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिचे वडील प्रिन्सिपल सिस्टरच्या खोलीत. इकडे छत्तीसगढात पाय धुणं हा मान असतो. लग्नात नवरा-नवरीचे पाय पखारतात, मामा आपल्या भाच्याच्या पाया पडतो. पाय धुण्याचं कोणाला वावडं नाही. मग अडचण काय होती? ती त्यांनीच सांगितली, माझ्यासमोर, अगदी शांतपणे. “देखिए, उसने हमारी बेटी के पैर धोए, ठीक है। मगर हमारी बेटी ने उसके क्यों धोए?”

मी वंदनाला बाहेर गाठून म्हटलं, “तुला कळायला हवं होतं गं.” ती खरंच गोंधळली होती. “चिठ्ठ्या होत्या ना ताई. चिठ्ठीत कुठं जात असते?” जिच्या आजोबांना गावात वरून ओंजळीत पाणी ओतलं जायचं, तिने असं म्हणावं! पण तिचा त्यावर विश्वास होता. सगळ्यांची नावं एका डब्यात टाकून हलवली की सगळी सारखी होतात, असं तिला मनापासून वाटायचं, आणि तीच तिची चूक. दुपारी सुकवारो आली. ती तर रडतच होती, आता आपल्याला कामावरून काढतील म्हणून. “मोर नोनी के पाँव काबर धोवायेव मैडम? अब मोला काम ले निकाल दिही.” आपल्या मुलीचे पाय कोणी धुतले म्हणून एक आई हात जोडून तक्रार करते आहे... वंदना भिंतीला टेकून खाली बसली.

मग मीटिंग झाली. सिस्टर, शाळेचे मॅनेजर फादर, अवनीचे वडील, वंदना, आणि ज्येष्ठ म्हणून मी. फादर समजुतीच्या सुरात म्हणाले, हा पवित्र संस्कार आहे, वर्गात त्याचा खेळ करणं बरोबर नाही, शिवाय आजकालच्या वातावरणात लोक आपल्यावर धर्मांतराचा आरोप करतील. मी म्हटलं, “फादर, चर्चमध्ये तुम्ही बारा जणांचे पाय धुता ते काय असतं?” ते म्हणाले, “वो प्रतीक है, मैडम।” त्यावर वंदना पहिल्यांदा बोलली. “मेरे पास प्रतीक नहीं था फादर। टब था।” तिने अवनीच्या वडिलांची माफी मागावी आणि विषय संपवावा, असं ठरलं. ती म्हणाली, पोरींनी एकमेकींचे पाय धुतले याची माफी मी मागणार नाही. मात्र त्याच संध्याकाळी ती सुकवारोच्या पाऱ्यात, म्हणजे तिच्या वस्तीत, गेली आणि तिची माफी मागून आली. चुकीच्या दारात माफी मागितली, असं शाळेचं मत पडलं. वरून कीर्तन आतून तमाशा ही म्हण मी लहानपणापासून ऐकलेली, त्या दिवशी तिचा अर्थ खुर्चीवर बसून पाहिला.

जूनमध्ये वंदनाला दुसरी ‘ब’ मिळाली नाही. तिला स्टोअर दिलं. गणवेश, टाय, वह्या, बूट मोजून द्यायचे. सुकवारोचं काम टिकलं, पण नंदिनीचं नाव तिने स्वतःच काढून सरकारी शाळेत घातलं. मी वंदनाशी त्यावरून खूप भांडले. “काहून राहतेस इथं? भनपुरीकडच्या शाळा तुला उद्या घेतील.” ती म्हणायची, “स्टोअर दुसरी ‘ब’च्या समोरच हाय ना ताई. पोट्ट्यांचा आवाज येते.” मला ते ऐकून तिचीच चीड यायची, आणि खरं सांगते, अजून येते. एवढं गिळून कशाला राहायचं? दर जूनला ती सिस्टरकडे जायची, वर्ग परत मागायची. सिस्टर “देखेंगे” म्हणायच्या. मागच्या जूनला म्हणाल्या, “मैडम, अब बच्चे स्क्रीन से सीखते हैं।” त्या दिवशी घरी परतताना ती माझ्या स्कूटीवर मागे बसली होती. वाटेत फक्त एक वाक्य बोलली, “ताई, मले वर्ग पाहिजे होता, बस.” होता, असं म्हणाली. ते मला तेव्हा लागलं नाही, आता लागतं.

शोकसभेला शाळेने मलाही बोलावलं. फादरनी बायबलमधला उतारा वाचला. कुठला वाचावा? पाय धुण्याचाच. वंदना मॅडम म्हणजे सेवेची मूर्ती, असं ते म्हणाले. अवनीच्या वडिलांनी आशिषला शाल दिली, आणि आशिषने ती घेतली, कारण त्याला काहीच ठाऊक नव्हतं. आईने घरी कधी सांगितलंच नव्हतं. सुकवारो मागे दाराशी उभी होती, बोलावलं तरी खुर्चीवर बसली नाही. शेवटी सिस्टरनी जाहीर केलं की वंदना मॅडमच्या स्मरणार्थ शाळेत अ‍ॅक्टिव्हिटी रूम होते आहे. टाळ्या पडल्या. माणूस होता तोवर त्याच्या कामाची अडचण होती, गेल्यावर त्याच कामाची पाटी. सुंठीवाचून खोकला गेला होता, वर पुण्यही पदरात.

मागच्या आठवड्यात ती खोली बघून आले. दुसरी ‘ब’चाच वर्ग आहे तो. पांढऱ्या टाइल्स, काचेची कपाटं, त्यांत प्लास्टिकची फळं, प्लास्टिकचा तराजू, रंगीत मातीची न फोडलेली पाकिटं, आणि सगळ्या कपाटांना कुलूप. भिंतीवरच्या पडद्यावर एक बी उगवत होतं, पोरं हाताची घडी घालून ते बघत होती. एक नवीन, विशीतली बाई काळजीने सांगत होती, “कोई हाथ नहीं लगाएगा।” तिचा काय दोष, तिला तसंच सांगितलेलं. दारावर वंदनाचा फोटो, वर चंदनाचा हार. ओळखपत्रावरचा छोटा फोटो मोठा केलेला, त्यामुळे धुरकट, आणि खांद्यांपर्यंतच. असा तर तिचा चेहरा कधी नव्हता. मी ऑफिसातल्या क्लार्कला विचारलं, एवढ्या वर्षांच्या समारंभांत एक बरा फोटो मिळाला नाही का तुम्हाला? तो बिचारा म्हणाला, “बहुत ढूँढा मैडम। हर फोटो में झुकी हुई हैं बच्चों के बीच। पीठ ही दिखती है।”

मी म्हटलं, मग पाठीचाच लावायचा होता. तिच्या पोरांनी तरी ओळखलं असतं.