शत्रूसाठीचे उपाय

आमच्या कंपनीचे मालक परदेशात, ऑफिस मीरा रोडला. मी तिथे एचआरमध्ये आहे. गेल्या वर्षी काशीगावजवळच्या एका हॉटेलात आमचं दिवसभराचं ट्रेनिंग झालं. विषय होता प्राचीन राजनीती आणि आजचं जागतिक व्यवस्थापन. वक्त्याने साम, दाम, दंड, भेद समजावले. मी नीट लिहून घेतलं.

पंधरा दिवसांनी वरून मेल आला. बिलिंगमधल्या दोघींचं काम आता दुसऱ्या देशात होणार होतं, त्यांचे राजीनामे घ्यायचे होते. एक जवळच्याच मुर्धा गावची, जुन्या मिठागरवाल्यांच्या घरातली. दुसरी रत्नागिरीकडची. कित्येक वर्षं दोघी एका टेबलावर डबा खायच्या. मी नवीन होते तेव्हा त्यांनीच मला शेजारी बसवून घेतलं होतं.

दोघींनीही राजीनामा द्यायला नकार दिला. इथले आमचे साहेब म्हणाले, "वेगवेगळं बोलाव ना. ट्रेनिंगला काय शिकलीस?"

रत्नागिरीवालीला मी सांगितलं, "तुमच्या मैत्रिणीने सही केलीये."

"मला काही बोलली नाही."

"काल संध्याकाळीच केली."

ती कागदाकडे बघत राहिली. मग तिने पेन मागितलं. दुपारी मुर्ध्याच्या बाईंना तेच सांगितलं. तोवर ते निम्मं खरं झालं होतं. त्यांनीही सही केली.

मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. काहीच वाटलं नाही. येताना डोशाचं पीठ घेतलं आणि घरी आले.

काही महिन्यांनी कळलं की दोघी बोलत नाहीत. दुसरीने आपल्याला न सांगता आधी सही केली, असं प्रत्येकीला वाटत होतं. एका रविवारी रिक्षाने मुर्ध्याला गेले. बाई ओट्यावर वाल सोलत होत्या. मी सगळं सांगितलं, ट्रेनिंगसकट. त्यांचे हात थांबले नाहीत.

"ते साम, दाम कुनासाठी हाय?"

"राजाच्या शत्रूंसाठी." एवढं मी नंतर राजनीतीच्या मूळ पुस्तकात वाचलं होतं. प्रजेला राजाने लेकरांसारखं सांभाळावं, हेही त्याच पुस्तकात होतं. ट्रेनिंगमध्ये ते कोणी सांगितलं नव्हतं.

"मंग आमी काय दुश्मन होतो?"

मी समोरचे दोन वाल उचलून सोलायला घेतले.

"मला सांगून काय? तिला सांग." त्यांनी नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. पलीकडून ती म्हणाली, "तिच्याकडे दे."

बाई फोन घेऊन आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते. "च्या न्हाय टाकला," त्या म्हणाल्या. "जा आता."

दोघी पुन्हा बोलायला लागल्यात, असं ऐकलं. मला कोणाचा फोन येत नाही. गेल्या महिन्यात राजीनामे घ्यायची नवी यादी आली, तीन नावांची. मी तिघांना एकत्र बोलावलं आणि जे होतं ते सांगितलं. तिघांनीही सही केली नाही. साहेब माझ्यावर खूप चिडले. मी ऐकून घेतलं आणि जागेवर येऊन बसले.