समुद्रावरचे पट्टे सरकले तेव्हा

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण वाऱ्याचं मला कोणी शिकवू नये. घड भरलेली केळीची बाग एका वादळात अशी झोपते की बांधावर उभं राहून बघायचं, दुसरं काही हातात नसतं. म्हणून पोरगा जहाजावर नोकरीला लागला तेव्हा मी एकच विचारलं, तिकडं वारा कसा असतो?

त्यानं समुद्राचा नकाशा आणून भिंतीला लावला. हवामानवाल्यांनी भर समुद्राचे पट्टे पाडलेत, जमिनीच्या एका गटाचे तुकडे पाडावेत तसे. प्रत्येक पट्ट्याचा अंदाज वेगळा. पोरानं रेषा लाल पेनानं जाड केल्या, वर मोठाले आकडे घातले. आपल्या किनाऱ्याला लागून एक, मग दोन, असं आफ्रिकेकडं जाता जाता आकडा वाढायचा. मोबाइलवर रोज अंदाज येतो, तो इंग्रजीत. मला आकडा आणि त्याच्यापुढचा रंग एवढंच लागतं. हिरवा म्हणजे ठीक, तांबडा म्हणजे वादळ.

फोनवर आमचं बापलेकाचं जमत नाही. तो म्हणतो, आबा, शेत बटाईनं द्या, जळगावला फ्लॅट घेऊ, तिथं राहा. मी म्हणतो, तुझी आई या घरातून गेली, मीही इथूनच जाणार. मग फोन ठेवायचा. त्यापेक्षा हे बरं होतं. तो असेल त्या पट्ट्याचा आकडा धाडायचा, नुसता आकडा. मी अंदाज बघून उलट धाडायचो, हिरवा. त्याला जहाजावर हे माझ्याआधी कळत असणार, एवढी अक्कल मलाही आहे. पण तोही कधी म्हणाला नाही की आबा, राहू द्या.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर त्याची पाळी संपत होती. जहाज गुजरातच्या बंदराला लागणार, तिथून तो सुरतला आणि सुरतहून गाडीनं भुसावळला. आकडे उतरत होते. आठ, सात, सहा. पाच आला त्या दिवशी मी त्याच्या खोलीतली खताची पोती आणि ठिबकच्या नळ्यांची वेटोळी बाहेर काढली. फरशी धुतली. कडब्यात एक घड पिकायला घातला.

मग काही दिवस काहीच नाही. आणि नंतर आला तो पुन्हा सात.

नकाशापुढं उभा राहिलो. पाचावरून सात. म्हणजे जहाज माघारी फिरलं. मालकांनी अजून थांब म्हटलं असेल आणि यानं मान हलवली असेल. बापाला सांगायची छाती नाही, म्हणून आकडा धाडून मोकळा झाला. मी अंदाज बघितला नाही, उत्तर धाडलं नाही. ज्याला यायचं नाही त्याला ये म्हणणारा मी नव्हे. फोन बंद करून ज्वारीच्या डब्यात टाकला. पोती आणि नळ्या परत त्याच्या खोलीत भरल्या, पार दारापर्यंत. घड पिकला होता, तो निंदणीच्या बायांना वाटला.

"आबा, पोरगा येणार होता ना?" एकीनं विचारलं.

"केळं खा," मी म्हटलं.

अंदाज बघायचा नाही म्हटल्यावर सकाळी चहानंतर करायचं काय, तेच कळेना. पाणी सुरू करायचं, ओळीतून फिरायचं. केळीच्या बागेत आत गेलेला माणूस बाहेरच्याला दिसत नाही आणि बाहेरचं त्याला दिसत नाही. पूर्वी मला ते आवडायचं. एक दिवस सातपुड्याच्या अंगानं वारा सुटला, पानं फाटायला लागली, तर मी मोठ्यानं म्हणालो, "तांबडा." ऐकायला होतं कोण?

मग एका सकाळी शेजारच्या शेताची अक्का दारात आली. तिच्या नवऱ्याशी माझं बांधावरून वाजलं होतं. तो गेला, पण आमचं बोलणं अजून तोलूनमापूनच.

"भाऊ, फोन काबरं बंद ठेवला? तुमचा पोरगा मले फोन लावून लावून थकला."

"त्याला म्हणावं, जा तुझ्या आफ्रिकेला."

"कोनती आफ्रिका? सुरतले गाडीत बसला तो." तिनं नंबर लावून फोन माझ्या कानालाच धरला.

आधी गाडीचा खडखडाट, मग पोराचा आवाज. "आबा! बरे आहात ना? जीव टांगणीला लागला होता माझा."

"तुझं जहाज माघारी गेलं होतं. सातात."

तो म्हणाला, "अहो आबा, पट्ट्यांच्या हद्दी बदलल्या. किनाऱ्याकडचे पट्टे तोडून लहान केले, रेषा सरकवल्या, आकडे नव्यानं घातले. तुमचा चार तो आता सात. तुमच्याकडं जुना नकाशा आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

"हद्द अशी कशी सरकते? मोजणी नाही, लगतच्याला नोटीस नाही, दगड रोवला नाही. उठले आणि रेघ हलवली?"

अक्कानं पदर तोंडाला लावला. "आमचा बांध वीतभर हलला तं तुम्ही मोजनीवाला आनला होता. आता समुद्रात उतरवा त्याले, कमरेले दोर बांधून!"

मला हसू आलं नाही. चार शेजारी उभे केल्याशिवाय हद्द हलत नाही, हे मी जन्मभर बघत आलो. म्हणून संशय रेषेचा आला नाही, पोराचा आला.

"येऊ ना, आबा?" तो विचारत होता. "का जळगावलाच उतरू? मित्राकडं राहीन."

"जळगावला कशाला? खोली तयार आहे तुझी."

फोन ठेवला. अक्का आत डोकावून त्या खोलीकडं बघत होती. दारापर्यंत लागलेली पोती तिला दिसलीच.

"गडी धाडू का?"

"नको."

ती गेली. मी पहिल्या पोत्याचे कान धरले आणि ओढलं. ते निघालं. त्याच्यामागचं नळ्यांत अडकलं होतं, ते काही केल्या हलेना. गाडीनं तोवर नंदुरबार सोडलं असेल.