तुरटी लागलेली बाटली

दर्शनाचं डोकं आठवडाभर तापलेलं होतं. रत्नागिरीच्या कॉलेजात फिजिक्स शिकवता शिकवता तिने पीएचडीचं लचांड गळ्यात बांधून घेतलं, आणि विषय कुठला, तर जांभा दगडाच्या लाल मातीचे कण! इतके बारीक की पाण्यात खाली बसायचं नाव घेत नाहीत. त्या गढूळ पाण्यात लेझरचा किरण सोडायचा, उजेड कुठल्या बाजूला किती विखुरतो ते मोजायचं, आणि कॉम्प्युटरवर तेच गणिताने काढायचं. मोजलेली रेषा आणि गणिताची रेषा जुळली की जिंकलं!

पण जुळतायत कुठल्या! तिने कण गोल धरले, मग चपटे धरले. पुढच्या बाजूला उजेड गणितापेक्षा जास्तच. पीएचडीच्या गाइड सरांनी निर्वाणीचं सांगितलं, "शनिवारपर्यंत जुळलं नाही तर विषय सोडा." दोन वर्षांची मेहनत फुकट जाणार म्हणून तिला रडू फुटायचंच बाकी होतं.

प्रयोगशाळेत मुलं हात लावतात, म्हणून नमुन्याची बाटली ती रोज घरी आणायची. शुक्रवारी सकाळी चहा करायला गेली, तर तिच्या सासूबाई, म्हणजे येसूबाई, त्याच बाटलीत तुरटीचा खडा फिरवतायत!

"आई! हे काय करताय?"

"अगो, केवढं गढूळ पाणी! गुहागरला पावसाळ्यात आम्ही विहिरीचं असंच निवळायचो. चुकून कोणी प्यायलं तर? म्हणून रोज एक फेरा मारते हो."

रोज! दर्शना अशी कडाडली की येसूबाईंचा चेहरा एवढासा झाला. "मला काय माहीत गो," म्हणत त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

आणि कडाडता कडाडताच दर्शना थबकली. तुरटीने कण एकमेकांना चिकटतात, हे तर ती दरवर्षी मुलांना शिकवते! कॉलेज गाठून तिने थेंब मायक्रोस्कोपखाली धरला. एकेका फेऱ्याने पाणी निवळलं नव्हतं, पण सुटे कण कुठले? ताटलीत तांदळाचे घावन विस्कटून चिकटावेत तसे वेडेवाकडे गठ्ठे. असले गठ्ठे उजेड पुढेच जास्त फेकणार. कॉम्प्युटरला तिने तोच आकार दिला. संध्याकाळी दोन्ही रेषा एकमेकींवर बसल्या आणि तिने एकटीनेच टाळ्या पिटल्या.

शनिवारी सर खूश होऊन म्हणाले, "गठ्ठे छान बांधलेत. कोणाची पद्धत?"

"सासूबाईंची," दर्शना म्हणाली. सर हसले, पण ती काही थट्टा करत नव्हती.

रविवारी ओट्यावर दोन बाटल्या उभ्या होत्या. एकीवर चिठ्ठी, 'हात लावू नये.' दुसरीवर, 'आईंनी रोज एक फेरा मारावा.' येसूबाईंनी दुसरी वाचली, पदर खोचला आणि तुरटी शोधायला लागल्या.