निवेदकांतलं दुसरं नाव

पत्रक लिहिताना मला कधी अडायला होत नाही, कारण पत्रकात चूक कायम समोरच्याची असते. इथं ती माझी आहे. आधीच सांगून टाकतो.

अख्ख्या आष्टीत कॉमिक्स वाचणारे आम्ही दोघंच. मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचं बाजाराच्या रस्त्यावर मोटारसायकलच्या सीट कव्हरचं दुकान आहे. पंचविशी उलटली तरी ही पोरं चित्रांची पुस्तकं वाचतात म्हणून लोक हसायचे. हसू द्या. आमची मालिका हिंदीतली. अंक कुरियरनं परतूरला यायचा. मी गाडीवर जाऊन पाकीट आणायचो आणि न फोडता दुकानात न्यायचो. रेक्झिन कापायच्या मोठ्या कात्रीनं तो पाकीट कापायचा. मग शटर अर्धं खाली, आणि आम्ही मोठ्यानं वाचायचो. हिरोची वाक्यं माझी. बाकी सगळी त्याची. खलनायक, फौजदार, बाया, कुत्री, स्फोटाचे आवाजसुद्धा. एकदा तो ‘धडाम’ इतक्या मनापासून म्हणाला की शेजारचा खतवाला पळत बघायला आल्ता.

हिरोला आम्ही ‘टाकीवरचा’ म्हणायचो. बंद पडलेल्या पाण्याच्या टाकीवर तो एकटा राहायचा. त्याच्या ताकदीला एक अट होती. त्याचा चेहरा कुणी पाहिला की ताकद संपली. त्यामुळं पहिल्या अंकापासून तो जेवायचासुद्धा मुखवट्यात. मला हे फार पटायचं. घर नाही, नातं नाही, फक्त काम. मीही संघटनेच्या कामात स्वतःला तसाच समजत होतो. आज तहसीलपुढं, उद्या वीज कार्यालयापुढं. आईनं लग्नाचा विषय काढला की ताटावरून उठायचो आणि त्यातही आपण फार मोठे आहोत असं मला वाटायचं.

मग तो अंक आला. टाकीखाली राहणारी एक म्हातारी आजारी पडते. टाकीवरचा तिला कधीपासून पाणी आणून देत असतो. तिची नजर जात चाललेली असते. ती विचारते, “बेटा, इतके दिवस येतोस, एकदा दिसशील का?” आणि तो मुखवटा काढतो. पुढच्या पानावर ताकद गेलेली. शेवटच्या चित्रात तो तिच्या पायरीवर बसून चहा पितोय, उघड्या तोंडानं.

म्हातारीचं वाक्य माझ्या मित्रानं त्याच्या दादीच्या आवाजात वाचलं होतं. वाचून झाल्यावर त्यानं अंक मिटवला.

“अच्छा झालं यार,” तो म्हणाला. “बिचारा कवापासून एकटाच बसून राह्यला होता.”

“अच्छा काय त्याच्यात? खतम केलं त्याला.”

“खतम कुठं? चहा पिऊन राह्यला की.”

“अरे, ताकद गेली त्याची.”

“मंग? तुला कुठं हाये ताकद? तू फिरतोसच ना.”

मी हसलो न्हाई. घरी येऊन मोबाईल उघडला तर चाहत्यांचा ग्रुप पेटलेला. गावोगावचे लोक होते त्यात. कुणी म्हणत होतं अंक जाळा, कुणी म्हणत होतं लेखकाला हाकला. एकानं तर लहानपणापासून जमवलेले सगळे अंक विकायला काढले. मला बरं वाटलं, खरं सांगतो. संताप करायला इतके लोक एकदम मिळाले की मला एकटं वाटत न्हाई. त्याच दुपारी मी पत्रक लिहून काढलं. ‘वाचकांचा विश्वासघात खपवून घेतला जाणार नाही’ असं वरती ठळक. खाली मागण्या. अंक मागे घ्या, मुखवटा परत द्या, वाचकांची जाहीर माफी मागा. संघटनेची पत्रकं जिथं छापतो त्या जालन्याच्या प्रेसमध्येच छापलं, त्याच गुलाबी कागदावर. एक गठ्ठा प्रकाशकाला पाठवायचा, आणि फोटो ग्रुपवर.

पत्रकाच्या तळाला निवेदकांची नावं असतात. ती विचारून टाकत न्हाईत. नाव छापलं की माणूस आपोआप येतो, हे मला मोठ्या कार्यकर्त्यांनी शिकवलं. दुसरी एक रीत कुणी बोलून दाखवत न्हाई, पण पाळतात सगळे. पहिल्या चार नावांत एक बाई पाहिजे, एक मुसलमान पाहिजे, एक पलीकडच्या वस्तीतला पाहिजे. मग पत्रक सगळ्यांचं दिसतं. मी कितीतरी पत्रकं तशी जुळवली. माझ्या मित्राला हे माहीत होतं. नवीन पत्रक दिसलं की तो विचारायचा, “दाखव रे, आज कुणाचा नंबर लागला?” आणि आम्ही दोघं हसायचो.

या पत्रकात दुसऱ्या नंबरला मी त्याचं नाव टाकलं. विचारलं न्हाई. विचारायचं असतं हे मनातही आलं न्हाई.

इकडं त्यानं प्रकाशकाला पत्र लिहिलं होतं, आयुष्यातलं पहिलं. टाकीवरच्याला खाली आणलंत, शुक्रिया, एवढाच त्याचा अर्थ. पत्रक निघालं त्या दिवशी सकाळीच त्यानं त्या पत्राचा फोटो ग्रुपवर टाकला. मी परतूरला बैठकीत होतो. ग्रुपवर आधी काय आलंय ते न बघता दुपारी तिथूनच पत्रकाचा फोटो टाकला.

लोक तुटून पडले. सकाळी शुक्रिया आणि दुपारी निषेध, भाईजान नक्की कुणाकडून? एकानं दुतोंडी म्हटलं. त्याच्या खाली दुसऱ्या कुणीतरी असं नाव दिसलं की जे कायम लिहिलं जातं ते लिहिलं. बैठक संपल्यावर मी हे वाचलं आणि खुलासा टाकला. ‘छपाईतील चुकीमुळे एक नाव समाविष्ट झाले आहे.’ ते खोटं होतं. त्याच्या नावाखाली ते घाणेरडं लिहिणाऱ्याला मी एक शब्द बोललो न्हाई, कारण त्यानं पत्रकाला पाठिंबा दिला होता. संध्याकाळपर्यंत माझा मित्र ग्रुपमधून निघून गेल्ता.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. तो मशीनवर सीट शिवत होता.

“छपाईतली चूक?” त्यानं मशीन न थांबवता विचारलं.

“तसं लिहावं लागतं.”

“बराबर.” त्यानं दोरा तोडला. “एक सांग. माझं नाव दुसऱ्या नंबरला कामून टाकलं?”

मी टेबलावरची रेक्झिनची एक पट्टी उचलून बोटाला गुंडाळायला लागलो.

“तुला मी पाह्यजे होतो, का माझं नाव?”

“तू आपला हायेस म्हणून टाकलं.”

“आपल्याला इचारतेत ना आधी.”

तिथं माफी मागायची होती. प्रकाशकाकडून मी जाहीर माफी मागत होतो, मला शब्द पाठ होते. पण मी म्हणालो, “ते सोड. पण टाकीवरच्याला असं खाली उतरवणं तुला बरोबर वाटतं का, सांग.”

त्यानं माझ्याकडं पाहिलं. “तू अजून त्याच्यावरच हायेस,” म्हणाला आणि परत मशीन सुरू केली.

प्रकाशकाचं उत्तर आलं न्हाई. पुढचा अंक आला. परतूरहून पाकीट घेऊन मी सरळ दुकानात गेलो, न फोडता. शटर पूर्ण वर होतं. कटिंगच्या टेबलावर तोच अंक उघडा पडला होता, खुणेला रेक्झिनची लाल पट्टी घातलेली.

“मी मागवून घेतला,” तो म्हणाला. “तू वाच आरामात, मंग बोलू.” मग त्यानं खुर्ची पुढं केली. “चहा सांगू का?”

इतक्या वर्षांत त्यानं चहाचं कधी विचारलं नव्हतं. मी बसलो की चहा यायचा. गिऱ्हाईकाला विचारतात.

मी नको म्हणालो. संघटनेच्या खोलीत आलो. दुपारची वेळ, कुणी नव्हतं. कोपऱ्यात गुलाबी पत्रकांचा उरलेला गठ्ठा तसाच होता. पाकीट दातानं फाडलं आणि मोठ्यानं वाचायला लागलो. तो बदल मला अजूनही मान्य न्हाई, हे इथं लिहून ठेवतो. ताकद गेलेला हिरो अंकभर दारोदार हिंडतो, कुणाशी काय बोलावं त्याला कळत न्हाई. त्याची वाक्यं मी वाचत गेलो. सहाव्या पानावर म्हातारी दार उघडते. तिच्या डोक्यावर वाक्याचा फुगा होता.

ते वाक्य माझं नव्हतं. मी थांबलो.