यांच्याऐवजी चालले ती वाट

त्या वर्षी मी देवापुढे दिवा लावणं बंद केलं होतं. कोणाला सांगितलं नव्हतं. तिन्हीसांजेला स्वयंपाकघरात काहीतरी काम काढायचे आणि देव्हाऱ्याकडे पाठ करून उभी राहायचे.

आमचे हे कल्याणच्या एका शाळेत खेळाचे शिक्षक होते. लांब पल्ल्याचं पळणं हे त्यांचं वेड. दर संकष्टीला कल्याणहून टिटवाळ्याला पळत जायचे आणि गणपतीचं दर्शन घेऊन डोंबिवलीला घरी यायचे. असा माणूस एक दिवस आमच्याच जिन्यात अडखळून पडला. मग हातातून कप निसटायला लागला. ठाण्याला नौपाड्यातल्या डॉक्टरांनी तपासण्या पाहून सांगितलं, की हा मज्जातंतूंचा आजार आहे, एकेक स्नायू निकामी होत जाईल आणि यावर औषध नाही.

वर्षभरात ते अंथरुणाला खिळले. त्यांना पुसून घेणं, कूस बदलणं, एकेक घास ठसका न लागता भरवणं, यातच माझा दिवस जायचा. भेटायला येणारे म्हणायचे, "तुमच्या सोशिकपणाची कमाल आहे." मला ते ऐकवत नसे. मी सोसत नव्हते, नुसती दिवस ढकलत होते. हे असं आणखी किती दिवस, एवढाच विचार सकाळी डोळे उघडताच मनात यायचा आणि त्याची मला लाज वाटायची.

चैत्रातल्या संकष्टीच्या आदल्या दिवशी हे म्हणाले, "उद्या माझ्याऐवजी तू जाऊन ये. चालत." तोवर त्यांची जीभ जड झाली होती, एवढं बोलायलाही त्यांना वेळ लागला. मी हो म्हटलं, पण भक्तीने नाही. मला त्या देवासमोर उभं राहून जाब विचारायचा होता.

नणंदेला यांच्याजवळ बसवून मी सकाळी कल्याणहून चालायला लागले. देवाला काय काय बोलायचं ते मनात जुळवत झपाझप चालले आणि आंबिवलीपर्यंत येता येता पार गळून गेले. टाचेला फोड आला होता, ऊन वर आलं होतं. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. इथूनच रिक्षा करून परत जावं असं ठरवलं, उठलेसुद्धा. तेवढ्यात एक म्हाताऱ्या बाई समोर येऊन थांबल्या.

"टिटवाळ्याला चाललीस ना गं? जरा हात दे मला. गुडघा आज ऐकत नाही."

नाही म्हणवेना. त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि आम्ही निघालो. त्या इतक्या हळू चालत होत्या, की आधी मला वैतागच आला. मग कधीतरी माझी पावलं त्यांच्या पावलांसारखी पडायला लागली. फोड दुखत होता, पण चालवत होतं. त्यांनी काही विचारलं नाही, तरी मी यांच्याबद्दल सगळं सांगून टाकलं. खूप वेळाने त्या म्हणाल्या, "एवढा पळणारा माणूस. दम संपला की काय करायचे, विचारलंस का कधी?"

मी कधीच विचारलं नव्हतं.

देवळात बायकांच्या रांगेपर्यंत त्या माझ्याबरोबर होत्या. मूर्तीसमोर आले तेव्हा जुळवलेलं एक वाक्यही आठवेना. नुसतं रडू आलं. मागच्या बाईने मला हलकेच पुढे सरकवलं. बाहेर येऊन मी त्या म्हाताऱ्या बाईंना बराच वेळ शोधलं. त्या दिसल्या नाहीत. गर्दी होती, चुकामूक झाली असेल. त्या कोण, याचा मी पुढे फार विचार केला नाही. मी परत फिरणार होते आणि त्यांनी माझ्याकडे हात मागितला, एवढं मला पुरतं.

घरी आल्यावर प्रसादाचा कण यांच्या ओठांना लावला आणि विचारलं, "पळताना दम संपला की तुम्ही काय करायचात?"

यांनी डोळे मिटले. मला वाटलं, थकले. मग थांबत थांबत म्हणाले, "किती उरलंय ते बघायचो नाही. पुढचं पाऊल टाकायचो. बाकी त्याच्यावर सोडायचो."

त्या संध्याकाळी मी दिवा लावला. मागितलं काहीच नाही.

हे बरे झाले नाहीत. श्रावण सरता सरता एका सकाळी, मी कपाळ पुसत असताना, त्यांचा श्वास थांबला. मधल्या महिन्यांत त्यांचं दुखणं वाढतच गेलं, माझी पाठही तशीच दुखत राहिली. पण किती दिवस, हा प्रश्न मनात यायचा थांबला होता. आज आहेत, आज भरवायचं, एवढंच उरलं होतं. त्या दिवसांत मी त्यांच्याजवळ खरोखर होते. हे माझ्या एकटीच्या बळाने झालेलं नाही, हे मला ठाऊक आहे.