दोणीत सोडलेली अंडी

पोफळीच्या बुंध्याशी कुजलेला पाला उपसताना माझ्या थोरल्या जाऊबाई एकदम थांबल्या. "बेडकाची अंडी गं! आण ती करवंटी." पाणी ओसरलं की अंडी अशी मागे राहतात, उचलून गुरांच्या दोणीत सोडली तर बिचारी जगतात, असं त्यांचं म्हणणं.

मी वाकले आणि हात आखडला. बेडकाची अंडी बुळबुळीत गोळ्यात असतात. ही ओल्या मातीत होती, मण्यांसारखी ओवलेली. आणि त्यांच्याभोवती वेटोळं घालून काहीतरी जिवंत होतं.

"साप!" जाऊबाई ओरडल्या. पण साप पळाला असता. हे पळालं नाही. वेटोळं तेवढं आणखी आवळलं. अंगभर वळ्या, पाय नाहीत, डोळे कातडीखाली बुजलेले. देवगांडूळ! बेडकाच्याच गणगोतातलं, पण मातीत राहणारं. बेडकी अंडी घालून निघून जाते. हिला तर ती धड दिसतही नसावीत, आणि ही त्यांना सोडायला तयार नव्हती.

पोरकी म्हणून ज्यांना उचलावं, त्यांची आई तिथंच असते, आणि आपण तिला साप नाहीतर गांडूळ समजून बाजूला सारतो?

मी पाला होता तसा लोटला. जाऊबाई करवंटी हातात धरून दोणीकडे बघत राहिल्या.

"मागच्या पावसात मी सोडली होती ना," त्या हळूच म्हणाल्या, "त्यांतून एकही बेडूकमासा निघाला नव्हता गं."