मामांची शिष्टाई

जगात जिथे जिथे दोन माणसं भांडत असतील, तिथे तिसरी खुर्ची आमच्या सौभाग्यवतींच्या मामांची असते. ती कोणी मांडत नाही, मामाच ओढून आणतात. महाडच्या बाजारात कोळणीचं आणि गिऱ्हाइकाचं बोंबलाच्या वाट्यावरून वाजलं, की मामा पिशवी खाली ठेवून मध्ये उभे. एसटीत कंडक्टर आणि प्रवासी हमरीतुमरीवर आले, तेव्हा मामांनी समजूत घालायला दोघांना खाली उतरवलं. समेट झाला, ते दोघं गाडीत चढले आणि मामा स्टँडवर राहिले. सवच्या गरम पाण्याच्या कुंडात गुडघे शेकायला गेलेला हा गृहस्थ तिथल्या तिथे कुणा सासरे-जावयांचा तंटा मिटवून आला, गुडघे मात्र होते तसेच दुखत परत घेऊन आला. कोणी काहीही म्हटलं, की मामांचं उत्तर ठरलेलं, "तसं नाही, पण तसंही आहे." चहा दोन्ही पक्षांकडे घ्यायचा, तोही सारखाच गोड. डॉक्टरांनी साखर बंद केली आहे, पण "एकाकडे बिनसाखरेचा घेतला, तर तो म्हणेल त्याच्याकडे गोड घेतलात," या धास्तीने मामांनी स्वतःच्या रक्ताची रबडी करून घेतली आहे.

निरोप नेण्याची त्यांची पद्धतही न्यारी. माणूस बोलला तसा निरोप त्यांनी आयुष्यात कधी पोचवला नाही. मळके कपडे धुऊन, नीळ घालून, इस्त्री करून द्यावेत तसे ते निरोप देतात. "सडू दे त्याला" असं कोणी म्हणालं, की पलीकडे जाईपर्यंत त्याचं "तब्येतीला जपा म्हणालेत" झालेलं असतं. याला मी खोटं बोलणं म्हणतो, मामा शिष्टाई म्हणतात. खरं सांगायचं तर मला या सगळ्याचा आता शीण येतो. मी बँकेतून निवृत्त झालो तो दुपारी निवांत झोप मिळावी म्हणून. पण माझ्याकडे गाडी आहे आणि मामांकडे नातं आहे, त्यामुळे माझ्या दुपारी महाड-पोलादपूर रस्त्यावर जातात.

गेल्या शिमग्याच्या तोंडावर तर कहर झाला. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात एक गाव आहे. तिथल्या शाळेत मामांनी उभी हयात मास्तरकी केली. गावचा सरपंच म्हादू आणि विरोधी गटाचा पुढारी बाळाराम, दोघंही त्यांचेच विद्यार्थी. पाण्याची नवी टाकी कुठल्या वाडीत बांधायची यावरून दोघांचं बिनसलं आणि बाळारामच्या गटाने ग्रामपंचायतीला टाळं ठोकलं. आत सरपंच आहे हे टाळं ठोकल्यावर लक्षात आलं. लक्षात आल्यावरही कोणी उघडलं नाही, हा खरा गुन्हा. पोलिसांनी अख्खा विरोधी पक्ष उचलून महाडच्या कोठडीत घातला. पुन्हा असं करणार नाही असं लिहून द्या, गावातला एक जामीन आणा आणि घरी जा, असं तहसीलदारांनी सांगितलं. बाळाराम म्हणाला, "आमी गुना केलाच नाय, तर लिवून काय द्याचा?" सरपंच म्हणाला, "भर ग्रामसभेत माफी मागूं दे. नायतर ऱ्हाऊं दे आत."

आता पंचाईत अशी, की त्या गावच्या पालखीचा उजवा खांदा म्हादूच्या घराण्याचा आणि डावा बाळारामच्या. एका खांद्यावर पालखी उठत नाही, आणि डावा खांदा तर कोठडीत. मुंबईचे चाकरमानी सुट्ट्या टाकून निघालेले. बाळारामच्या वाडीने सांगून टाकलं, आमचा माणूस नसेल तर आम्ही दुसरी पालखी करू. म्हणजे दोन पालख्या, पालखी टेकवायच्या दोन सहाणा आणि शेवटी दोन गावं. हे ऐकल्यापासून मामांचं जेवण तुटलं. गाडीत बसताना म्हणाले, "जावईबापू, मी या पोरांना एका पाटीवर लिहायला शिकवलं हो. ती पाटी फुटायला आली." एरवी मी त्यांना टोमणा मारला असता. त्या दिवशी गाडी सुरू केली.

मग आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. वर सरपंचाच्या ओटीवर चहा, खाली कोठडीत नुसतं बोलणं, पुन्हा वर. घाटातल्या वळणांनी माझी पाठ गेली आणि मामांचा आवाज बसला. म्हादू म्हणायचा, "मास्तर, त्याचा नाव नका काढू माज्यासमोर." मामा खाली येऊन सांगायचे, "तुझं नाव निघालं की त्याच्याने बोलवत नाही रे." बाळाराम म्हणायचा, "त्याच्या घरचा पानी पन नको मला." वर जाऊन मामांनी काय सांगितलं ते मला कळलं नाही. मी गाडीतच डोळे मिटून पडलो होतो. एवढं खरं, की शिमग्याच्या आदल्या दिवशी सरपंच स्वतः तहसील कचेरीत हजर झाला आणि पोलिसांनी बाळारामलाही आणलं.

दोघं व्हरांड्यात समोरासमोर आले. बाळाराम म्हणाला, "तू माजा जामीन ऱ्हातो म्हनलास, म्हनून मी सही कराला आलूय."

"मी?" म्हादू उसळला. "तू म्हनलास, म्हादू जामीन असंल तरच सही करीन, दुसरा कोन नको. म्हनून मी आलोय!"

"मी कवा म्हनलो?"

दोघांनी एकदम मामांकडे पाहिलं. मामा खांबाकडे पाहत होते. म्हणाले, "तसं नाही, पण तसंही..." पुढचं त्यांना बोलूच दिलं नाही. दोघांनी मिळून मास्तरांचा असा उद्धार केला, की कचेरीतले कारकून बाहेर आले. मधूनच एकाचा शब्द अडला तर दुसरा पुरवत होता. लाज, संताप आणि समोर उभा ठाकलेला शिमगा, कशाने ते देव जाणे, पण एकाने सही केली, दुसरा जामीन राहिला आणि बाकीचे सोबती सुटायची वाट न पाहता दोघं एकाच जीपने वर गेले. आमच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

पालखीचं आमंत्रण मामांना आलं नाही. मला आलं, ड्रायव्हरवर कोण रागावतं? मी गेलो, पाहिलं, प्रसाद घेतला आणि संध्याकाळी तडक मामांकडे आलो. ते पडवीत बसले होते. अंगात कडक इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी.

"अजून चिडलेत दोघं," मी म्हणालो. "मास्तरांनी आम्हाला फसवलं म्हणतात."

"दोघंही?"

"एका सुरात."

"मग टिकेल," मामा म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "बाळारामच्या अंगणात नाचवली का हो पालखी?"

"खूप वेळ. म्हादू खांदा सोडायलाच तयार नव्हता."

मामांनी मान हलवली. मला फार वाईट वाटलं. काहीतरी गोड, धुऊन इस्त्री केलेलं सांगावं असं मनात आलं, गावाने आठवण काढली वगैरे. पण मला ती कला नाही, आणि त्यांना माझी इस्त्री लगेच ओळखू आली असती. मग मामा खाली वाकले आणि सकाळपासून पायांत घालून ठेवलेल्या वहाणा त्यांनी सावकाश काढल्या.